१:३५ सेंच्युरियन, बसंतर १९७१: चिखल कुठे लावायचा आणि का

रणगाडेकर (धागाकर्ता)

मॉडेलचा रंग वाळला की हात शिवशिवतात आणि आपण तो प्लास्टिकचा रणगाडा मळवायला घेतो. काळा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) ओततो, कडा खरवडतो, गंजाचे ओघळ सोडतो, वरून पिगमेंट (कोरडी रंगीत भुकटी) भुरभुरतो. फोटोत झकास दिसतं. पण मग लिबियाच्या वाळवंटातला, रशियाच्या बर्फातला आणि पंजाबच्या शेतातला रणगाडा एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसायला लागतात. वेदरिंगमधल्या, म्हणजे मॉडेल वापरातलं दिसावं म्हणून मळवण्यातल्या, प्रत्येक डागाला कारण असावं, असं माझं ठाम मत आहे. कारण सापडत नसेल तर तो डाग लावू नये. एक उदाहरण घेऊन सविस्तर मांडतो.

उदाहरण पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या सेंच्युरियनचं, १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईतल्या. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ रोजी ज्या 'फामागुस्ता' रणगाड्यात त्यांना वीरमरण आलं, तो पुढे दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. आपल्यापैकी प्रत्येक मॉडेलरने एकदा तरी हा रणगाडा करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी किट. सेंच्युरियनची १:३५ मधली (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाइतकी) बरीच किट एएफव्ही क्लबची आहेत. आपल्याला २० पाउंडर, म्हणजे ८४ मिमी तोफेचा रणगाडा हवा. इस्रायलने बदल केलेल्या सेंच्युरियनचं, म्हणजे 'शॉट काल'चं किट स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. त्याची तोफ १०५ मिमीची आणि डिझेल इंजिन बसवल्यामुळे मागचा डेकही (इंजिनावरचं छत) वेगळा. हा डेक बदलणं म्हणजे किट निम्मं नव्याने बांधणं. तोफेसकट खरा रणगाडा सुमारे ९.८ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २८ सेंमीच्या आसपास जातं. कपाटाची खोली आधी मोजून घ्या.

आता कारणांकडे येऊ. पहिलं कारण कॅलेंडर. पश्चिम आघाडीवर युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १७ डिसेंबरला थांबलं. त्याआधी हे रणगाडे शांतताकाळात रेजिमेंटच्या देखभालीत होते, वेळच्या वेळी रंगवलेले होते. मग पोलादी चिलखतावर गंजाचे लांब ओघळ कुठून येणार? चिलखतावर ते नकोतच. गंज हवा तो मागच्या फेंडरवरच्या सायलेन्सरवर, कारण तिथे उष्णतेने रंग जळतो, टोइंगच्या तारेवर, आणि साखळीवर. सेंच्युरियनची साखळी मँगनीज पोलादाची, ती एका रात्रीच्या दवातही तपकिरी होते. पण जमिनीला टेकणारा भाग आणि स्प्रॉकेटचे (साखळी ओढणाऱ्या चाकाचे) दात चालता चालता घासून लख्ख राहतात. तपकिरी आणि चकचकीत हे दोन्ही एकाच कडीवर दिसलं पाहिजे. मी साखळीला आधी गडद तपकिरी देतो, त्यावर मातीचा वॉश, आणि शेवटी फक्त उंच भागावर मऊ शिसपेन्सिल घासतो. चंदेरी रंगापेक्षा ग्राफाइटची चमक खूपच खरी वाटते.

दुसरं कारण इंधन. सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन हे मर्लिन या विमान-इंजिनाचं भावंड: २७ लिटर, बारा सिलिंडर आणि पेट्रोलवर चालणारं. डिझेल सांडलं की काळपट, तेलकट, धूळ धरून ठेवणारा डाग राहतो. पेट्रोल उडून जातं आणि जाताना धूळ धुऊन नेतं. म्हणून इंधनाच्या झाकणाभोवती काळा चकचकीत डाग नको. तिथे धूळ कमी झालेला, आजूबाजूपेक्षा थोडा स्वच्छ आणि गडद हिरवा पट्टा हवा, त्याच्या कडेला धुळीची पुसट रेघ. टी-५५ किंवा टी-७२ करताना मात्र डिझेलचे डाग खुशाल दाखवा. व्हील हबमधून पाझरलेलं ग्रीस दोन्हीकडे चालतं, पण दर चाकाला नको. एखाद-दुसऱ्या हबला पुरे.

तिसरं कारण जमीन, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. बसंतर ही रावीची उपनदी, शकरगढ भागातली. आपल्या इंजिनिअर्सनी सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढली आणि रणगाडे रात्री पलीकडे गेले. म्हणजे नदीपात्रातली ओली वाळू-माती खाली लागलेली, आणि त्यावर शेतातली कोरडी बारीक धूळ. ही गाळाची माती आहे: फिकट, करडी-पिवळसर, पिठासारखी बारीक. आपल्याकडचे बरेच जण अंगणातली माती चाळून वापरतात. मी ते आवर्जून टाळतो. रत्नागिरीची तांबडी माती किंवा विदर्भातली काळी माती बसंतरच्या रणगाड्यावर लागली की जाणकाराला लगेच खटकते. फिकट पिवळसर, करडे आणि थोडे तपकिरी सॉफ्ट पेस्टल घ्या, पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. आपल्याला हवी ती छटा मिळते आणि खर्चही फार नाही.

स्केलचा हिशोब सतत डोक्यात ठेवा. मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे प्रत्यक्षात ३.५ सेंमी. मातीतला साधा खडा इथे धोंडा होतो. रंग उडालेला टिपका १ मिमीचा केला तर खऱ्या रणगाड्यावर रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा टवका उडालाय असा अर्थ होतो. म्हणून चिपिंग (रंगाचे टवके दाखवणं) स्पंजने नाही, बारीक ब्रशच्या टोकाने करतो, आणि फक्त जिथे बूट, अवजारं किंवा झाकणं घासतात तिथेच.

रंगाचं माझं मिश्रण: तामिया एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब दोन भाग, एक्सएफ-५ फ्लॅट ग्रीन एक भाग, वरच्या आडव्या पृष्ठभागांसाठी त्यातच थोडा एक्सएफ-५७ बफ. लहान वस्तूवर तोच रंग डोळ्याला जास्त गडद वाटतो, म्हणून थोडा उजळ करणं भागच आहे. संग्रहालयातल्या रणगाड्यावरून छटा ठरवू नका, तिथे रंगाचे हात पुन्हा पुन्हा दिलेले असतात. आकार, वेल्डिंग, अवजारांच्या जागा मात्र तिथेच बघा. नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम त्यासाठी सोनं आहे.

---

नवा_भिडू

अप्रतिम धागा, वाचनखूण साठवली. मी अजून एकही रणगाडा केलेला नाही. थेट सेंच्युरियनने सुरुवात करू का? आणि एअरब्रश नसेल तर?

---

रणगाडेकर

स्वागत आहे. सुरुवात तामियाच्या शर्मन किंवा टी-५५ ने करा. भाग नीट बसतात, सूचनापत्रिका स्वच्छ असते, आणि दोन्ही रणगाडे भारतीय सैन्यात होते, त्यामुळे आपल्या खुणा लावून करता येतात. फोटो-एच (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेल्या) पितळी भागांच्या वाटेला पहिल्या वेळी जाऊ नका.

एअरब्रशशिवाय सुरेख काम होतं. ब्रशने वालेहोचे अ‍ॅक्रिलिक पातळ करून तीन-चार हात द्या. स्प्रे-कॅनने प्रायमर दिला तर आणखी सोपं. पण तीन गोष्टींवर कंजूषपणा नको: साइड कटर, पातळ सिमेंट आणि चांगला सँडिंग स्टिक. फ्रेमवरून भाग पिळून तोडू नका. थोडा दांडा ठेवून कापा, मग दुसऱ्या कापात सपाट करा. मोल्डची बारीक शीर प्रत्येक भागावर असते. ती घासली नाही तर वॉश दिल्यावर उठून दिसते आणि तेव्हा काही करता येत नाही.

---

मालवणी_ब्रश

काका, आमच्याकडे जुलैत लॅकर मारला की दुधाळ होतो. तुम्ही पुण्याचे, तुम्हाला हा त्रास नसेल. आम्ही चार महिने रंगकामच बंद ठेवायचं का?

---

रणगाडेकर

पुण्यातही पावसाळ्यात होतं, फक्त कमी. कारण असं की थिनर पटकन उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. उपाय दोन. एक, मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात रिटार्डर असतो, रंग हळू वाळतो आणि वाफेला निघून जायला वेळ मिळतो. आधीच दुधाळ झालेल्या भागावर तोच थिनर एकट्याने अगदी हलका फवारला तर बऱ्याचदा रंग परत येतो. दोन, कंप्रेसरला वॉटर ट्रॅप हवाच आणि तो दर थोड्या वेळाने रिकामा करायचा. पावसात तो आश्चर्य वाटावं इतक्या लवकर भरतो.

मे महिन्यात उलटी अडचण येते: अ‍ॅक्रिलिक नोझलच्या टोकावरच वाळतं. तेव्हा दाब १५ पीएसआयच्या आसपास, रंग अधिक पातळ, आणि जवळून फवारा.

---

मालवणी_ब्रश

धन्यवाद काका. लेव्हलिंग थिनर मागवतो. ज्वलनशील म्हणून कुरिअरवाले विमानाने नेत नाहीत, रस्त्यानेच येतो, त्यामुळे पावसाआधीच साठा करायला हवा.

---

खाकी_टोपी

मी चिलखती दलात नव्हतो, पण रणगाड्यांच्या सोबतीने सराव केलेत. धागाकर्त्यांचं म्हणणं पटलं, थोडी भर घालतो. माणूस रणगाड्यावर कुठून चढतो ते आधी बघा. सेंच्युरियनमध्ये चालक पुढे उजवीकडे. टरेटमध्ये (वरच्या फिरत्या बुरुजात) उजव्या बाजूला कमांडर, त्याच्या पुढे गनर, आणि डावीकडे लोडर. म्हणजे पुढच्या फेंडरवर, चालकाच्या झाकणाभोवती आणि टरेटच्या छतावर बुटांचा राबता. बुटाने रंग उडतो त्यापेक्षा जास्त माती आत-वर येते आणि तुडवून तुडवून चिकट, तुकतुकीत होते. बाकी डेकवर धूळ भुरभुरीत राहते. हा फरक दाखवलात तर रणगाडा वापरातला वाटेल.

आणि सामान! ताडपत्री, कॅमोफ्लाज जाळी, बादली, जेरीकॅन, गुंडाळलेले बिस्तरे. युद्धात गेलेला रणगाडा रिकामा नसतो. सामान लावलेल्या जागी खालचा रंग स्वच्छ राहतो, तोही विचार करा.

---

रणगाडेकर

सर, शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. सामान आधी लावून मग धूळ मारायची, म्हणजे ते काढलं तरी खाली स्वच्छ ठसा राहील. ताडपत्रीसाठी मी एम-सील वापरतो. टॅल्कम पावडरवर पातळ लाटायची, पट्ट्यांच्या जागी सुरीच्या पाठीने दाबायची आणि मऊ असतानाच रणगाड्यावर बसवायची, म्हणजे ती खालच्या कडांवर वजनाने लोळते.

---

लेस्टरचा_अण्णा

इंग्लंडहून. बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन जवळून बघता येतो, चालतानाही बघितलाय. दोन गोष्टी किटमध्ये हमखास कमी पडतात. पहिली, टरेट ओतीव आहे. त्याचा पृष्ठभाग खडबडीत, आणि वरचं छत मात्र जोडलेल्या प्लेटचं, गुळगुळीत. मी टरेटच्या बाजूंवर मिस्टर सरफेसर ५०० जाड थराने लावून कडक ब्रशने टोचतो, वाळल्यावर हलकं घासतो. हलच्या (खालच्या धडाच्या) प्लेटला हे अजिबात करू नये, त्या लाटलेल्या आणि वेल्ड केलेल्या आहेत.

दुसरी, तोफेच्या मुळाशी असलेलं कॅनव्हासचं आच्छादन. ते कापड आहे, त्यामुळे लोखंडासारखं रंगवू नका. उन्हाने विटलेलं, घड्यांमध्ये गडद, कडांना फिकट. माझ्या मते सेंच्युरियनच्या चेहऱ्याचा अर्धा भाव त्या कापडात आहे.

---

पितळी_पट्टी

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर तीव्र असहमती. प्रत्येक डागाला कारण हवं म्हटलं की हा छंद इतिहासाचा पेपर होतो. जड वेदरिंग ही स्वतंत्र कला आहे. बेल्जियमच्या फ्राँस्वा व्हर्लिंडेन यांनी ऐंशीच्या दशकात वॉश आणि ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने उंच भागांवर रंग घासणं) घराघरात पोचवलं, नंतर स्पेनमधल्या मंडळींनी रंगांच्या छटा आणि प्रकाश यांचं नाट्य आणलं. त्यात कॅलेंडर कोणी बघितलं? डोळ्याला जे भावतं ते करावं.

---

रणगाडेकर

पितळी_पट्टी, तुमचं काम मी पाहिलंय आणि ते मला आवडतं. कलेचा मुद्दा मान्य. पण तुमच्या शेवटच्या टायगर रणगाड्यावर सगळ्यात लक्षात काय राहिलं? मागच्या एक्झॉस्टच्या आवरणावरचा करपलेला, तांबूस-पांढुरका पट्टा. तो खराच तिथे असतो, म्हणून तो भावतो. नाट्य करायचं तर खऱ्याच्या जागी करावं, असं मला वाटतं. आणि आपल्या रेजिमेंटचा रणगाडा असेल तर तेवढी काळजी घेणं मी आपलं देणं मानतो. १९६५ मध्ये याच रेजिमेंटचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल तारापोर, जन्माने मुंबईकर, सेंच्युरियनमधूनच लढले आणि १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं. तारापोर आणि खेत्रपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सप्टेंबर आणि डिसेंबर यांची धूळ, ऊन, दव सगळं वेगळं. तेवढाच फरक मॉडेलवर आला तर बघणाऱ्याला न सांगता कळतं.

---

पितळी_पट्टी

ऋतूचा मुद्दा पटला. चिपिंगवर मात्र मी हेअरस्प्रेच वापरणार. :)

---

रणगाडेकर

वापरा की! चुन्याने रंगवलेल्या हिवाळी कॅमोफ्लाजसाठी हेअरस्प्रेला तोड नाही. फक्त हेअरस्प्रेच्या थरावरचा रंग अ‍ॅक्रिलिक असावा आणि तासाभरातच तो ओल्या ब्रशने उडवायला सुरुवात करावी.

---

मृण्मयी_डायोरामा

मी गरीबपूरच्या लढाईतला पीटी-७६ रणगाडा करतेय, ४५ कॅव्हलरीचा, २१ नोव्हेंबर १९७१. ट्रंपेटरचं किट. बसंतर आणि गरीबपूर दोन्ही गाळाचे प्रदेश, पण बंगालमध्ये माती ओली, करडी आणि भाताच्या तुसासकट. माझं चिखलाचं मिश्रण देते: फेव्हिकॉल, थोडं प्लास्टर, पेस्टलची भुकटी, थेंबभर अ‍ॅक्रिलिक रंग आणि बारीक कापलेला ताग. तागाचे तंतू एक-दोन मिमीचे कापायचे, ते सुक्या गवतासारखे चिखलात दिसतात. हे मिश्रण कडक ब्रशवर घेऊन काडीने ब्रशचे केस मागे ओढून सोडायचे, म्हणजे चाकांनी उडवल्यासारखे शिंतोडे पडतात. दिशा नेहमी साखळी फिरते तीच. मागच्या फेंडरखाली सर्वात जास्त, पुढे कमी.

प्रश्न असा: ओला चिखल ओलाच कसा दाखवायचा? ग्लॉस वार्निश सगळीकडे मारलं की प्लास्टिकसारखं दिसतं.

---

रणगाडेकर

ताई, शिंतोड्यांची युक्ती मी लगेच उचलतोय. ओलावा थरांत दाखवा. खालचा जुना चिखल फिकट आणि मॅट, कारण तो वाळलाय. त्यावर तोच रंग दोन छटा गडद करून सॅटिन, आणि अगदी थोड्या जागी, म्हणजे साखळीच्या कड्यांमध्ये आणि चाकांच्या खालच्या अर्ध्यात, गडद रंग अधिक ग्लॉस. माती भिजली की गडद होते, आणि ते झालं नाही तर नुसती चमक खोटी वाटते.

एक सावधानता, सगळ्यांसाठीच. ऑइल वॉशचा टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिट उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताण असलेल्या सांध्यांमध्ये झिरपला की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. चाकांचे आस पहिले जातात. म्हणून खालच्या बाजूलाही प्रायमर आणि रंग द्या, आणि वॉश ओतू नका, टोकाने सोडा. कॅमलचे ऑइल कलर वापरत असाल तर ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर तासभर ठेवा, जादा तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो.

---

नवा_भिडू

क्रम एकदा सांगाल का? कशावर काय चालतं यात माझा गोंधळ होतो.

---

रणगाडेकर

खालचा थर वरच्याच्या थिनरला दाद देणारा नसावा, एवढंच सूत्र. प्रायमर, मग लॅकर किंवा अ‍ॅक्रिलिकचा मूळ रंग. त्यावर ग्लॉस, तामियाचा एक्स-२२ चालेल. ग्लॉसवर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा), म्हणजे खाली हवा अडकून ते चंदेरी दिसत नाहीत. डिकलवर पुन्हा पातळ ग्लॉस, मग खिळे, बिजागऱ्या, प्लेटच्या सांध्यांपुरता पिन वॉश. मग ऑइलचे ठिपके आणि उभे ओढे, त्यानंतर मॅट, आणि सगळ्यात शेवटी पिगमेंट. पिगमेंटवर पुन्हा वार्निश फवारलं तर निम्मं पिगमेंट गायब होतं, ते टाळा.

साइड स्कर्ट (साखळी झाकणारे बाजूचे पत्रे) लावणार असाल तर वरच्या साखळीवर आणि रिटर्न रोलरवर वेळ घालवू नका, काहीही दिसत नाही. तो वेळ स्कर्टवर द्या. डिसेंबरमधल्या दवाने धुळीत उतरलेले बारीक ओघळ तिथेच सुंदर दिसतात: फिकट मातकट ऑइलचा ठिपका, आणि स्पिरिटने जवळपास कोरड्या केलेल्या सपाट ब्रशने वरून खाली एकच ओढ.

---

मृण्मयी_डायोरामा

भारतीय खुणांचे तयार डिकल मिळतच नाहीत, तुम्ही काय करता? घरच्या प्रिंटरवर काढले तर पांढरी अक्षरं येत नाहीत.

---

रणगाडेकर

घरचे प्रिंटर पांढरी शाई वापरतच नाहीत, त्यामुळे पारदर्शक डिकल कागदावर पांढरी जागा हिरवीच राहते. काळ्या पाटीवरच्या पांढऱ्या नोंदणी क्रमांकासाठी मी उलटं करतो: पांढऱ्या डिकल कागदावर काळी पाटी छापायची आणि अक्षरांच्या जागा कोऱ्या सोडायच्या. छापल्यावर अ‍ॅक्रिलिक क्लिअरचे दोन पातळ हात, नाहीतर इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. काठ पाटीच्या रेषेवर अगदी काटेकोर कापा आणि कापलेली पांढरी कड काळ्या रंगाने टिपून घ्या. रणगाड्याचं नाव थेट चिलखतावर असेल तर मास्किंग टेपचं स्टेन्सिल कापून फवारतो. १:३५ मध्ये अक्षरं तीन-चार मिमीची येतात, नवं ब्लेड असेल तर जमतं. गरीबपूरच्या पीटी-७६ साठी पाटी करायची असेल तर माप कळवा, फाइल बनवून देतो.

---

मृण्मयी_डायोरामा

नक्की. किटवरच माप घेऊन उद्या टाकते. तोपर्यंत पांढरा डिकल कागद शोधते.